फलाटावरच्या मुलांसाठी स्विंडनची वर्गणी : २०२४ च्या नोंदी

२१ जानेवारी, रविवार

हळदीकुंकू आटोपलं आणि उरलेल्या चहावर इंग्लंडातल्या स्विंडन गावच्या आमच्या मराठी मंडळाची बैठक झाली. यंदाची वर्गणी कुणासाठी, एवढाच विषय. आजवर गणपतीनंतर शिल्लक राहील ते कुठेतरी पाठवायचं अशी पद्धत होती. म्हणजे हॉलचं भाडं वाढलं की दान आपोआप आटायचं. यंदा दान आधी ठरवायचं आणि वर्षभराचं काम म्हणून अंगावर घ्यायचं, असं अध्यक्षबाईंनी मांडलं. सगळ्यांनी मान डोलावली. रस्त्यावर, स्टेशनांवर एकट्या राहणाऱ्या मुलांसाठी काम करणारी संस्था असावी, यावरही दुमत नव्हतं. वाद झाला तो कोणती संस्था यावर.

एक गट म्हणतो, मुंबईतल्या एखाद्या छोट्या संस्थेला थेट पाठवा, मधे कुणी नको. दुसरा म्हणतो, इंग्लंडात नोंदलेलीच हवी, गिफ्ट एड, म्हणजे दानावर इथलं सरकार घालतं ती भर, कशाला सोडायची? माहिती काढायचं काम माझ्या गळ्यात पडलं, नोंदी ठेवायचंही.

४ फेब्रुवारी, रविवार

थेट पाठवण्याचा रस्ता दिसतो तेवढा सरळ नाही. भारतातल्या संस्थेला परदेशी देणगी घ्यायची तर एफसीआरए या परदेशी देणग्यांच्या कायद्याखाली नोंदणी किंवा पूर्वपरवानगी लागते. कायदा २०१० चा, सप्टेंबर २०२० मध्ये तो आणखी आवळला. आता परदेशी पैसा आधी दिल्लीतल्या स्टेट बँकेच्या मुख्य शाखेतल्या खात्यातच उतरावा लागतो. एका संस्थेने घेतलेला असा पैसा दुसऱ्या संस्थेला देता येत नाही. प्रशासकीय खर्चाची मर्यादा ५० टक्क्यांवरून २० टक्क्यांवर आली. ज्या छोट्या संस्था मोठ्या संस्थेच्या हाताखाली काम करत होत्या, त्यांची वाट यातल्या दुसऱ्या कलमाने बंद झाली.

एक गंमत. भारतीय पासपोर्टवाल्याने परदेशातल्या स्वतःच्या कमाईतून बँकेमार्फत दिलेला पैसा या कायद्यात परदेशी धरला जात नाही. ब्रिटिश नागरिकत्व घेतलं, मग भारतीय वंशाच्या परदेशी नागरिकांना मिळणारं ओसीआय कार्ड असलं तरी, तो परदेशी. आमच्या मंडळात अशी घरं आहेत जिथे नवऱ्याचे पौंड देशी आणि बायकोचे परदेशी. मंडळाच्या खात्यातून एकत्र गेलेल्या रकमेला काय म्हणायचं, हे खजिनदारांनी विचारलं आणि सगळे हसले. पण प्रश्न हसण्यावारी नेण्यासारखा नाही. चुकीच्या खात्यात पडलेल्या आपल्या हजार पौंडांपायी तिकडच्या एखाद्या भल्या संस्थेची नोंदणी अडचणीत यायला नको.

इकडची बाजू सोपी. इथला करदाता नोंदणीकृत संस्थेला १ पौंड देतो आणि गिफ्ट एडच्या कागदावर सही करतो, तेव्हा सरकार संस्थेला वर २५ पेन्स देतं. अट एकच, ते दान असायला हवं. जेवणाचं तिकीट, चकलीचं पाकीट, सोडतीचा नंबर यांवर गिफ्ट एड नाही, कारण बदल्यात काहीतरी घेतलेलं असतं. हे वाक्य मी मोठ्या अक्षरात लिहून खजिनदारांना दिलं आहे, फराळाच्या वेळी लागेल.

१८ फेब्रुवारी, रविवार

ठरलं. रेल्वे चिल्ड्रन. चेशायरमधल्या सँडबॅच गावची संस्था. भारत, टांझानिया आणि खुद्द ब्रिटन अशा तीन देशांत रस्त्यावरच्या आणि स्टेशनांवरच्या मुलांसाठी काम करते.

संस्थापक डेव्हिड मेडमेंट हे ब्रिटिश रेल्वेचे अधिकारी. १९८० च्या दशकाच्या अखेरीस कामानिमित्त मुंबईत होते. चर्चगेट स्टेशनवर त्यांनी एक लहान मुलगी पाहिली, चाबकाने स्वतःच्याच अंगावर फटके मारत भीक मागणारी. त्यातून पुढे १९९० च्या दशकाच्या मध्यात ही संस्था उभी राहिली. बैठकीत हे वाचून दाखवलं तेव्हा आमच्या लगेच लक्षात आलं, हे तर कडकलक्ष्मीचं रूप. आसूडाचा तो आवाज आमच्यातल्या प्रत्येकाने लहानपणी गल्लीत ऐकलेला. आम्ही दारातून तांदूळ घालायचो आणि घाबरून आत पळायचो. मी तर विरार लोकलने चर्चगेटला वर्षानुवर्षं उतरले आहे. परक्या माणसाला तिथे एक मूल दिसलं, कारण ती काय प्रथा आहे हे त्याला ठाऊक नव्हतं. आम्हाला ठाऊक होती, म्हणून आमची नजर प्रथेवरच थांबली. यावर फार बोलणं झालं नाही, पण मतदानाची गरजही उरली नाही.

स्विंडनला ही संस्था शोभते, हेही एक कारण. हे गावच रेल्वेने वसवलेलं. ग्रेट वेस्टर्न रेल्वेचा कारखाना १८४३ मध्ये सुरू झाला आणि १९८६ मध्ये बंद पडला. आज त्या इमारतींत आपण सवलतीतले बूट घ्यायला जातो. इथल्या कामगारांनी १८४७ पासून पगारातून वर्गणी कापून स्वतःचा वैद्यकीय निधी चालवला. त्यातून डॉक्टर, औषधं, पुढे दवाखाना असं सगळं उभं राहिलं. शंभर वर्षांनी आलेल्या एनएचएस या सरकारी आरोग्यसेवेच्या आधीच्या नमुन्यांत त्याचं नाव घेतलं जातं. वर्गणीची कल्पना या गावात आपण आणलेली नाही.

१० मार्च, रविवार

पोस्टरवरून पहिली खडाजंगी.

आयटीतल्या एका उत्साही मुलाने तीन नमुने करून आणले. तिन्हींवर मळक्या चेहऱ्याची, मोठ्या डोळ्यांची मुलं, इंटरनेटवरून उचललेली. दिसायला परिणामकारक, यात शंका नाही. पण भारतातल्या २०१५ च्या बाल न्याय कायद्याचं ७४ वं कलम काळजी आणि संरक्षणाची गरज असलेल्या मुलाची ओळख उघड करायला मनाई करतं. आपण इंग्लंडात बसून छापतो म्हणून त्या मुलाचा चेहरा कमी त्याचा होत नाही. तो म्हणाला, “ताई, फोटोशिवाय कोणी पाच पौंडसुद्धा देणार नाही.” मी म्हणाले, तर मग तेवढे कमी येऊ देत. शेवटी मंडळाच्या बालवर्गाने काढलेलं आगगाडीचं चित्र पोस्टरवर गेलं. गाडीला सतरा डबे आणि इंजिन दोन्ही बाजूंना. चालेल.

दुसरा मुद्दा जास्त महत्त्वाचा आणि तो अजून मिटलेला नाही. लोकांना वस्तू द्यायच्या आहेत. चादरी, दप्तरं, स्वेटर. एकीने तर घरोघरी कपडे गोळा करायची यादीही केली. पेटी पाठवायच्या खर्चात तिकडे नवे कपडे येतात, हे पटलं. पण त्यामागची इच्छा गेली नाही. आपले पैसे कशात गेले ते डोळ्यांनी दिसायला हवं, असं त्यांचं म्हणणं. आणि दिसायला काय हवं नाही? “पगार.” एकाने सरळ विचारलं, यातलं पगारावर किती जाणार? मी सांगितलं, बरंचसं. खोलीत जरा शांतता पसरली.

माझं मत नोंदवून ठेवते. या कामात पगार हाच खर्च आहे. चादर स्टेशनवर रात्रभर जागत नाही.

१४ एप्रिल, रविवार

पाडवा मंगळवारी होता, कार्यक्रम आज. शुक्रवारी, १२ तारखेला, रस्त्यावरच्या मुलांचा आंतरराष्ट्रीय दिवस होऊन गेला. निवेदनात तेवढा धागा पकडला. मोहरबंद डबे दाराशी ठेवले होते. १८६ पौंड.

मोजणीचा नियम असा की पैसे दोघांनी मिळून मोजायचे आणि ते दोघे एकमेकांच्या नात्यातले नसावेत. आमच्याकडे थांबणारी माणसं म्हणजे चार जोडपी, एक बहीणभाऊ आणि एक सासूसून. शेवटी एक भावजी आणि हॉलचा इंग्रज केअरटेकर अशी जोडी लागली. केअरटेकरने नाण्यांचे मनोरे रचून चटकन हिशेब केला. तारुण्यात रेल्वेच्या कारखान्यात होता म्हणे. जाताना त्याने स्वतःचे पाच पौंड घातले, ते १८६ मध्ये धरले आहेत.

९ जून, रविवार

आजची नोंद लांब होणार.

आमच्या एका सभासदाचे वडील उन्हाळ्यासाठी आले आहेत. मध्य रेल्वेतून तिकीट तपासनीस म्हणून निवृत्त, राहणार भुसावळ. सगळे त्यांना भुसावळचे काका म्हणतात. पोस्टरवरचं दुतोंडी इंजिन पाहून ते हसले आणि हे कशासाठी म्हणून विचारलं. मग जवळजवळ दोन तास तेच बोलत होते. आम्ही पंधरा-वीसजण अंगणात बसून ऐकत होतो. मी जमेल तेवढं टिपलं.

काका म्हणाले, स्टेशनवरची सगळी पोरं एका तऱ्हेची नसतात. काहींची आईबापं तिथेच पुलाखाली, फूटपाथवर राहतात. काही दिवसभर बाटल्या वेचतात, पाणी विकतात आणि रात्री वस्तीत परत जातात. आणि तिसरी, घर सोडून आलेली, एकटी. ही तिसरी लांब पल्ल्याच्या गाडीच्या जनरल डब्यातून येतात, बाकाखाली किंवा संडासात लपून. भुसावळ, मनमाड, कल्याण अशी जंक्शनं त्यांना बरोबर कळतात. मार खाल्लेला असतो, नापास झालेली असतात, बाप पिऊन येतो, सावत्र कुणीतरी असतं, किंवा नुसतीच मुंबई बघायची असते.

“आम्हाला ओळखू यायचं,” काका म्हणाले. “नवीन पोरगं गर्दीबरोबर चालत नाही. गाडी गेली की ते तिथेच उभं राहतं.”

आणि मग तुम्ही काय करायचा? पूर्वी काही नाही, असं ते स्पष्ट बोलले. फार तर पुढच्या स्टेशनावर उतरवून द्यायचं. उतरवलं की आपलं काम संपलं. तिथे त्याला आधी कोण गाठतं, यावर सगळं. स्टेशनवरच जगणारी मोठी पोरं गाठतात, हॉटेलवाला गाठतो, दलाल गाठतो. पहिल्या रात्री जो वडापाव देईल त्याचं ते पोरगं होतं. महिनाभरात हातात रुमाल येतो, रुमालावर चिकटवायचं सोल्युशन. ते हुंगलं की भूक लागत नाही आणि थंडीही वाजत नाही. एकदा ती सवय जडली की घरी नेऊन सोडलं तरी पोरगं आठवड्यात फलाटावर परत.

अलीकडे बदल झाला, हेही त्यांनीच सांगितलं. मुंबईत १९९६ मध्ये सुरू झालेली १०९८ ही हेल्पलाइन देशभर पसरली. २०२३ मध्ये सरकारने ती स्वतःकडे घेऊन ११२ या आपत्कालीन क्रमांकाला जोडली. मोठ्या स्टेशनांवर मुलांसाठी मदत कक्ष आले, आरपीएफला, म्हणजे रेल्वे सुरक्षा दलाला, त्याचं प्रशिक्षण मिळालं. सापडलेलं मूल चोवीस तासांच्या आत बालकल्याण समितीपुढे न्यावं लागतं, प्रवासाचा वेळ सोडून.

“पण चोवीस तासांत पोरगं खरं बोलतं होय?” काका म्हणाले. “नाव खोटं, गाव खोटं. बापाचं नाव विचाराल तर सिनेमातला हिरो सांगेल. रोज दिसणारा माणूस लागतो हो. वर्दीतला नको. रोज त्याच जागी येणारा, चहा पाजणारा, न रागावणारा. त्याला एखाद दिवशी ते पोरगं खरं गाव सांगतं.”

तो माणूस कोण असतो, असं ज्याने मार्चमध्ये पगाराचा प्रश्न विचारला होता त्यानेच विचारलं. काकांनी सांगितलं, संस्थेचा कार्यकर्ता. पहाटेच्या गाड्या बघायला चारला येतो, रात्रीच्या बघायला दुसरा. त्याला सणसुद नाही, उलट दिवाळीत, मे महिन्यात पोरं जास्त. मग मुलाला घरी सोडायला एखादा बिहारपर्यंत जातो. घरात तो बाप अजून पितो का ते बघतो, शाळेत नाव घालतो, दोन महिन्यांनी पुन्हा चौकशी करतो. “त्याला तुम्ही चादर द्याल?” असं काकांनी विचारलं नाही, पण मला ते ऐकू आलं.

जेवताना कपड्यांच्या यादीचा विषय कुणीच काढला नाही.

१४ जुलै, रविवार

आषाढी बुधवारी आहे, वारी आज काढली. चिझल्डन ते मार्लबरो, जुन्या रेल्वेमार्गावरून. मिडलँड अँड साउथ वेस्टर्न जंक्शन रेल्वे नावाची ही लाइन १९६१ मध्ये प्रवाशांसाठी बंद झाली. रूळ निघाले, आता पायवाट आणि सायकलींचा रस्ता. सुमारे सात मैल, सगळं सपाट, कारण वाट आगगाडीसाठी केलेली. दोन टाळ, एक पखवाज, एक पताका, वीणा कार्डबोर्डची. ऑगबर्न सेंट जॉर्जपाशी घोड्यावरून निघालेल्या दोन मुलींनी थांबून विचारलं, हा कोणता उत्सव? बालवर्गाने एका सुरात उत्तर दिलं, “माउली!” त्यांनी तेच नाव समजून लिहून घेतलं.

आमच्या चालण्यासाठी देणगी देणारे पुरस्कर्ते ऑनलाइन पानावर. प्रत्येकाने आपापल्या ऑफिसात, शेजारी, शाळेत ते फिरवलं. १,९४० पौंड जमले आणि ते पानावरून थेट संस्थेकडे गेले, मंडळाच्या खात्यात आलेच नाहीत. त्यातले १,५२० गिफ्ट एडला पात्र, म्हणजे वर ३८० सरकारचे. चालण्याच्या बदल्यात देणाऱ्याला काही मिळत नाही, म्हणून हे दान. खजिनदार खूश.

संध्याकाळी युरो कपची अंतिम फेरी, इंग्लंड विरुद्ध स्पेन. त्यामुळे शेवटचे दोन मैल वारी अशा वेगाने चालली की पंढरपुरातसुद्धा चालत नसेल. इंग्लंड हरलं. त्या संध्याकाळी पानावर एकही नवी देणगी आली नाही, हाही एक निष्कर्ष.

२१ जुलै, रविवार

भुसावळच्या काकांनी फोनवर बातमी दाखवली. रेल्वे मंत्रालयाने आरपीएफच्या ‘नन्हे फरिश्ते’ मोहिमेचे आकडे जाहीर केले आहेत. २०१८ पासून मे २०२४ पर्यंत स्टेशनांवर आणि गाड्यांत ८४,११९ मुलं सापडली, त्यांना सुरक्षित जागी पोचवलं. १३५ हून अधिक स्टेशनांवर मदत कक्ष. आमच्यातल्या एकाने लगेच म्हटलं, मग सरकार करतंयच की, आपण कशाला?

काकांचं उत्तर असं: सापडणं हे सरकारचं काम आणि ते आता बरं चाललंय. सापडल्यावर पुढच्या सहा महिन्यांत त्या मुलापाशी कोण आहे, ते बघा.

काका परवा परत चालले. त्यांच्यासाठी मंडळाने शाल आणली होती. त्यांनी ती घेतली आणि तेवढ्याच किमतीचे पौंड मुलाकडून डब्यात टाकायला लावले.

११ ऑगस्ट, रविवार

गणपतीची तयारी. प्रश्न दानपेटीचा.

मंडळाची पेटी दरवर्षी मूर्तीपुढे असते, त्यातून हॉलचं भाडं आणि विसर्जनाचा खर्च निघतो. यंदा संस्थेचा डबा शेजारी ठेवायचा का? भाविक नोट टाकणार ती बाप्पाला. ती मुलांना गेली तर चालेल? आणि मुलांसाठी टाकलेली हॉलला गेली तर? दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर कायद्यात आहे: ज्या कारणासाठी मागितलं त्याच कारणासाठी वापरायचं. पहिल्याचं उत्तर भटजींना विचारलं. ते म्हणाले, बाप्पाची हरकत दिसत नाही, पण पाटी लावा.

ठरलं असं. मूर्तीपुढची पेटी मंडळाची. दाराजवळ, चपला काढायच्या जागी, संस्थेचा डबा आणि कार्ड टेकवायचं यंत्र, वर मोठी मराठी-इंग्रजी पाटी. मला वाटलं होतं चपलांपाशी कोण थांबणार. अध्यक्षबाई म्हणाल्या, तिथेच थांबतात, बूट शोधायला सगळ्यात जास्त वेळ लागतो.

हाय स्ट्रीटवर डबा घेऊन उभं राहायची कल्पना सोडली. त्याला कौन्सिलचा परवाना लागतो, स्टेशनवर उभं राहायचं तर स्टेशन चालवणाऱ्या कंपनीची परवानगी. पुढच्या वर्षी वेळेत अर्ज करू.

८ सप्टेंबर, रविवार

दीड दिवसाचा गणपती. चपलांपाशी ७३४ पौंड! अध्यक्षबाई बरोबर होत्या.

गोव्याची मंडळी यंदा मोठ्या संख्येने आली. स्विंडनमध्ये गोवेकर भरपूर, बरेचसे पोर्तुगीज पासपोर्टवर आलेले. त्यांच्यातल्या हिंदू घरांत चवथ असते आणि ख्रिस्ती शेजारीही आरतीला येऊन बसतात. त्यातल्या मडगावच्या एका बाईंनी डबा पाहून चौकशी केली. संस्था टांझानियातही काम करते, हे कळल्यावर त्या तिथेच थांबल्या. त्यांचे वडील दार-एस-सलामला कारकून होते, बाईंचा जन्म तिथला. सत्तरच्या दशकात कुटुंब गोव्याला परतलं. पूर्व आफ्रिकेतल्या कचेऱ्या, रेल्वे आणि बँका गोवेकर कारकुनांवर चालायच्या, हे मी वाचलं होतं, पण त्यातलं माणूस समोर पहिल्यांदाच भेटलं. दारहून ताबोरामार्गे म्वान्झाला जाणारी गाडी, सरोवराकाठचं शेवटचं स्टेशन, हे सगळं त्या डोळ्यांपुढे असल्यासारखं सांगत होत्या. संस्थेचं तिथलं काम या म्वान्झा शहरातही आहे.

दिवाळीच्या फराळाला बेबिंका आणि दोदोल हे गोव्याचे गोड पदार्थ आमच्याकडून, असं सांगून त्या गेल्या.

६ ऑक्टोबर, रविवार

फराळाची आखणी. विक्री २६ तारखेला, दिवाळीच्या कार्यक्रमातच.

आपण अधूनमधून दानासाठी विकतो, खाद्यव्यवसाय म्हणून नोंदणीची गरज नाही. तरी प्रत्येक पाकिटावर घटकांची चिठ्ठी लावायचीच, असा माझा हट्ट. इथल्या यादीत चौदा ॲलर्जीकारक पदार्थ आहेत. आपल्या चिवड्यात त्यातले पाच निघाले: शेंगदाणे, काजू, मोहरी, तीळ आणि गव्हातलं ग्लुटेन. गहू कुठून आला म्हणून सगळ्या बायका माझ्यावर तुटून पडल्या. हिंगाची डबी आणून मागचं वाचून दाखवलं. बाजारातला बहुतेक हिंग पिठात कालवलेला असतो आणि ते पीठ बऱ्याचदा गव्हाचं. तांदळाच्या पिठातला हिंग मिळतो, चकलीसाठी तो आणायचं ठरलं.

सोडतीची तिकिटं फक्त कार्यक्रमाच्या दिवशी, तिथेच. आधी व्हॉट्सॲपवर विकली तर कौन्सिलकडे लॉटरी म्हणून नोंद करावी लागते. हे तीनदा सांगितलं. तरी चौथ्यांदा एकाने विचारलं.

२६ ऑक्टोबर, शनिवार

विक्री १,१२८ पौंड, सामानाचा खर्च ३६२, हातात ७६६. सोडतीचे २१५ वेगळे. करंज्या आणि गोव्याच्या नेवऱ्या शेजारी शेजारी मांडल्या होत्या आणि कोणत्या आधी संपतात यावर पैजा लागल्या. नेवऱ्या. बेबिंकेचे थर मोजायला मुलांची रांग.

खजिनदारांनी रात्री एक हिशेब काढला, तो त्यांच्या बायकोला आवडला नाही. तळणं, भाजणं, पाकिटं भरणं यांचे सगळ्यांचे तास धरले तर ७६६ ही रक्कम तासाला चार पौंडांपर्यंतही पोचत नाही, आणि वर गिफ्ट एड शून्य. त्यापेक्षा प्रत्येक घराने वीस-वीस पौंड सरळ दिले असते तर? गणित बरोबर आहे. पण वारीच्या पानावर ज्यांनी पैसे टाकले त्यातले निम्मे लोक आपल्याला चकलीमुळे ओळखतात. आणि चकल्या वळताना भाजणीच्या वासात जे बोलणं होतं, त्यातूनच आजची खरी गोष्ट निघाली. मार्चमधल्या पगाराच्या प्रश्नवाल्याने स्वतःहून डायरेक्ट डेबिटचा, म्हणजे दरमहा खात्यातून आपोआप पैसे जाण्याचा, कागद भरला, महिना दहा पौंड. त्याचं म्हणणं असं की पहाटे चारला येणाऱ्या माणसाला पगार दर महिन्याला द्यावा लागतो, दिवाळीला एकदा नाही. त्याच्या मागून अकरा घरांनी कागद भरले, कुणी पाचचे, कुणी दहाचे.

१० नोव्हेंबर, रविवार

शेवटचा मोठा वाद, अपेक्षित होता. पैसे पाठवताना ‘फक्त भारतासाठी’ अशी अट घालायची का?

घालता येते. इथल्या कायद्याप्रमाणे अटीने दिलेला पैसा संस्थेला त्याच कामासाठी वेगळा ठेवावा लागतो. बिनअटीचा जिथे गरज तिथे वापरता येतो. अट घालावी म्हणणारे म्हणाले, आपण काकांचं ऐकून पैसे गोळा केले, भुसावळ-कल्याणच्या नावाने मागितले, लोकांनी त्याच भावनेने दिले. यात तथ्य आहे, मी ते नाकारत नाही. पाटीवर मात्र आपण तिन्ही देशांची नावं लिहिली होती. मी पाटीचा फोटो दाखवला.

मडगावच्या बाई पहिल्यांदाच बैठकीला आल्या होत्या. त्यांनी एवढंच म्हटलं, “आमच्या घरान टांगानिकाचें मीठ खाल्लां. हांव बेबिंक करतना इंडिया म्हण करूंक ना.” म्हणजे, आमच्या घराने टांगानिकाचं, आजच्या टांझानियाचं, मीठ खाल्लंय; बेबिंका मी फक्त इंडियासाठी म्हणून केली नव्हती. मग एका तरुण आईने विचारलं, इथली मुलं? ब्रिटनमध्येही घरातून पळालेली मुलं स्टेशनांवर सापडतात, स्विंडनहून तासाभरात लंडनचं पॅडिंग्टन स्टेशन. त्यांना कुठे बसवायचं?

मतदान झालं. बिनअट, चार मतांच्या फरकाने. ज्यांचा विरोध होता त्यातल्या एकाने तो नोंदवून ठेवायला सांगितला, तो इथे नोंदवला आहे. पुढच्या वर्षी मागतानाच पाटी आणखी स्पष्ट असावी ही त्यांची सूचना मान्य.

१७ नोव्हेंबर, रविवार

मंडळाच्या खात्यातून संस्थेला आज १,९०१ पौंड गेले: पाडवा १८६, गणपती ७३४, फराळ ७६६, सोडत २१५. वारीचे १,९४० आधीच गेलेले. एकूण ३,८४१, गिफ्ट एडचे ३८० त्यावर. हॉलचं भाडं, भटजींची दक्षिणा, काकांची शाल यातलं काहीही यात नाही, ते मंडळाच्या पेटीतून.

भारतात एक आठवडा राहून स्टेशनवरच्या मुलांना इंग्रजी शिकवायची दोन विद्यापीठीय मुलांची इच्छा आहे, ती बैठकीपुढे आली. मी विरोध केला. आठवड्यात येऊन जाणारा चेहरा त्या मुलांना नको आहे, त्यांच्याकडे तसे पुष्कळ येऊन गेलेले असतात. त्याऐवजी पुढच्या वर्षीचं ऑनलाइन पान आणि रस्त्यावरच्या परवान्याचे अर्ज त्या दोघांकडे दिले. एक नाराज आहे.

बाकी कामं: मोहरबंद डबे संस्थेला परत करणे. कार्डयंत्र चार्ज करून अध्यक्षबाईंकडे. चार घरांकडून फराळाचे डबे यायचे आहेत, झाकणांवर नावं आहेत. सोडतीतला पहिला नंबर, मिक्सर, अजून कुणी नेलेला नाही; तिकीट गुलाबी, क्रमांक ०४७.